शिरा दिसतात म्हणजे अंगात रक्त कमी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या रागामागे सासूबाईंची काळजी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: दिंडोरीकडे द्राक्षबागेत राबणाऱ्या सासूबाईंच्या हातांवर हिरव्या-निळ्या शिरा टरारून दिसतात, म्हणजे अंगात रक्तच उरलेलं नाही, आणि ‘हातावरच्या शिरा बहुधा निर्धोक’ असं लिहून मी लोकांना बेफिकीर करतोय.

शिरांवरून रक्त कमी की जास्त हे कळत नाही, यावर मी ठाम आहे. टरारलेली शीर रक्तानेच भरलेली असते. वय वाढलं की कातडी पातळ होते, खालची चरबी झिजते. त्यात एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे द्राक्षं काढून झाल्यावरची वेलींची छाटणी. ऊन तापलं की उष्णता बाहेर टाकायला शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं आणि शिरा आणखी फुगतात. रक्त मात्र निळं नसतं, शिरेतलंही गडद लालच. प्रकाशातला तांबडा भाग कातडीत खोल जातो आणि शिरेतलं रक्त त्यातला बराचसा शोषून घेतं; निळा वरच्यावरच परततो. म्हणून आजूबाजूच्या कातडीपुढे शीर निळसर भासते.

घरीच करून पाहा. सासूबाईंचा हात खाली सोडा. फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून धरा, दुसऱ्याने तिथून कोपराच्या दिशेने रक्त सारत न्या, मधल्या बारीक फुगीर गाठीच्या पुढेपर्यंत. ती गाठ म्हणजे झडप, रक्ताला हृदयाच्या दिशेनेच जाऊ देणारं दार. तिच्या अलीकडची शीर चपटीच राहते, वरून रक्त उतरत नाही. पहिलं बोट उचललं की खालून भरते. रक्त फिरतं हे सांगताना विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 साली हाच पुरावा दिला होता.

काळजी पायांची करा. चालताना पोटरी रक्त वर ढकलते. द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाऊसमध्ये तासन्‌तास उभं राहिलं की ते काम मंदावतं. झडपा ढिल्या पडल्या तर रक्त खाली साचतं. पोटरीवर वेड्यावाकड्या गाठाळ शिरा, संध्याकाळी घोट्याला सूज, घोट्याजवळ काळपट कातडी किंवा न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी.

आणि सासूबाईंना दम लागत असेल, खालच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. बायकांमध्ये ते 12 च्या खाली असेल तर कारण शोधावं लागतं, नुसतं टॉनिक आणून भागत नाही. तपासणी या आठवड्यातच करा; ‘छाटणी उरकू दे, मग बघू’ असं त्या म्हणतील, ते ऐकू नका.