पहिलं बाळंतपण माहेरीच, पण का?

आधीच सांगते, पोस्ट लांबलचक आहे आणि फ्रेंडलिस्टमधल्या काकू-मावश्या-आत्यांपैकी निम्म्या जणी चिडणारेत. पण मला एकतिसावा आठवडा चालूए, रात्री दोनला जाग येते, डाव्या कुशीवर झोपून झोपून खांदा दुखतो, छातीत जळजळतं, आणि अशा वेळी बाई एकतर मोबाईलवर लंगोटांच्या किमती बघत बसते नाहीतर असल्या पोस्टी लिहिते.

तर विषय हा की, पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं की दुसरा प्रश्न ठरलेला, "मग कधी जाणारेस?" जाणारेस का, हे कोणीच विचारत नाही. आईने विचारलं नाही, सासूबाईंनी विचारलं नाही, शेजारच्या काकूंनी तर माझं सामान बांधूनच टाकलंय मनातल्या मनात. मी सहज म्हणाले की अजून ठरलं नाही, बहुतेक इथेच पुण्यात करू, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझं आईशी भांडण झालंय.

डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत बाहेर दीड-दोन तास बसावं लागतं, तिथे आमच्या गप्पा रंगतात. कोणाला एनटी स्कॅनच्या (तिसऱ्या महिन्यातल्या बाळाच्या सोनोग्राफीच्या) वेळी धाकधूक झालेली, कोणी साखरेच्या तपासणीचं ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायली आणि सगळं उलटलं, मग परत दुसऱ्या दिवशी उपाशी पोटी येऊन बसली. एकीचं हिमोग्लोबिन ९ च्या वर हलतच नाही, आणि ती एकटी नाहीये, देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना ॲनिमिया आहे असं सरकारचाच सर्व्हे सांगतो. एकीला बाळ फिरलेलं थोडा वेळ जाणवलं नाही की ती घामाघूम होते. आणि या सगळ्यांत कधी ना कधी येतंच, "तुझं कुठेय? माहेरी?" मग प्रत्येकीची टेप सुरू होते. एकीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. एकीचं माहेर दोन खोल्यांचं, त्यात भाऊ-वहिनी आणि त्यांचं लहान पोर. एकीला आईच नाहीये. ती म्हणाली, "मावशीकडे जाणारे, कुठेतरी जायलाच पाहिजे ना." का गं बाई? कुठेतरी जायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? स्वतःचं घर आहे, नवरा आहे, हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, आणि ही पोटातलं बाळ घेऊन मावशीच्या सुनेच्या कपाळावरच्या आठ्या मोजायला चाललीये.

ही पद्धत आली कुठून ते कळतं मला, आणि ज्या काळात आली त्या काळात ती शहाणपणाचीच होती. लग्न व्हायचं तेव्हा मुलगी स्वतःच पोर असायची. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. तसल्या वयात, सासरी पहाटेपासून पाणी-दळण-धुणं असताना, पोरीला चार महिने तरी पाठ टेकायला मिळावी, भूक लागली तर मागून खाता यावं म्हणून आईबापाने तिला घरी आणायचं. बरोबरच होतं. पण मी एकतीस वर्षांची आहे, इथे मला कोणी पहाटे चारला उठवत नाही, आणि आमच्याकडे भांडी नवरा घासतो.

आता रजेचा हिशोब बघा, कारण याच्यावर एकही मावशी बोलत नाही. २०१७ ला कायदा बदलला, पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे पगारी रजा. त्यातले डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. म्हणजे रिवाजाप्रमाणे सातवा संपताना माहेरी गेले तर रजा सुरूच होत नाही अजून, एकतर बिनपगारी नाहीतर गावाकडून वर्क फ्रॉम होम, आणि माझ्या माहेरी बार्शीला दुपारी लाईट गेली की वायफाय पण गेलं, मग मॅनेजरला सांगा की डोहाळे लागलेत नेटवर्कचे. बरं, आठच्या आठ आठवडे आधी घालवले तर मागे राहतात १८. बाळ चार महिन्यांचं झालं की ऑफिस. आणि डॉक्टर काय सांगतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही! म्हणून तर हल्ली पोरी अडतीसाव्या आठवड्यापर्यंत पोट सावरत ऑफिसला जातात, हौस म्हणून नाही जात, एक एक आठवडा बाळासाठी वाचवून ठेवतात. "काय गं ही, अजून लॅपटॉप घेऊन बसलीये, पैशाची हाव" म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं.

मग डॉक्टरचं. सात महिने एका डॉक्टरने बघायचं, तिला माझं बीपी माहीत, थायरॉईडची गोळी कधी वाढवली ते माहीत, बाळाची वाढ कशी होत आलीये ते माहीत, आणि शेवटच्या दोन महिन्यांत, जेव्हा बीपी चढायची, साखर वाढायची, बाळाभोवतीचं पाणी कमी व्हायची भीती सगळ्यात जास्त, तेव्हाच फाईल उचलून नव्या माणसाकडे जायचं. नवीन डॉक्टर वाईट असतो असं अजिबात म्हणत नाहीये मी. तालुक्याच्या गावांत उत्तम डॉक्टर आहेत, कित्येकदा शहरापेक्षा जास्त अनुभवी आणि कमी घाई करणारे. पण लहान गावात रात्री तीनला रक्त लागलं तर ब्लड बँक कुठेय, बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, किती लांब, भूल देणारे डॉक्टर गावातच राहतात की बाहेरून बोलवावे लागतात, हे विचारलं पाहिजे ना कोणीतरी? आमच्यातल्या एकीचा ब्लडग्रुप निगेटिव्ह आहे आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा वेळी आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून तिला अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन झालं आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत परत घ्यायचंय. तिने माहेरच्या दवाखान्यात आधीच फोन करून विचारून ठेवलं, मिळतं का, किती वेळ लागतो मागवायला. घरच्यांचं म्हणणं, "एवढं काय अपशकुनी बोलायचं." याला अपशकुन म्हणतात? ही तयारी आहे! लंगोट शिवण्यापेक्षा जास्त महत्त्वाची तयारी आहे ही.

तयारीवरून आठवलं, आमच्याकडे बाळाचं काही आधी घ्यायचं नाही असा नियम. पाळणा नको, कपडे नकोत, अगदी टोपरं पण नको. ठीके, माझी हरकत नाही, कारण जुन्या सुती साड्यांच्या दुपट्यांसारखं मऊ विकत काही मिळतच नाही आणि जावेच्या मुलाची झबली येणारच आहेत, पहिले कपडे वापरलेलेच घालायचे असतात. पण मग वस्तू नको म्हणता तर माहितीची तरी तयारी करा. पाय सुजले की सगळ्या म्हणतात "सूज येतेच या दिवसांत", हो येते, पण सुजेबरोबर डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, वरच्या पोटात दुखतंय तर उठून बीपी बघायचं असतं, १४० वर ९० च्या पुढे गेलं तर सकाळची वाट बघायची नसते. हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. ग्रहणात सुरी धरायची नाही हे मात्र चारचौघींनी स्वतंत्र फोन करून सांगितलं.

आणि शेक-शेगडी! मालिशवाल्या बाईच्या हातची तेल मालिश, गरम पाण्याची अंघोळ, हे मला हवंय, मनापासून हवंय. पण दारं-खिडक्या लावून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवायची, त्यात ओवा-बाळंतशेपांची धुरी, आणि त्या धुरात चार दिवसांचं बाळ, हे नको. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला वास नसतो, झोपेत कळतसुद्धा नाही. मध चाटवायचा पण नाही, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतू शकणारी विषबाधा, होऊ शकतो. आईला हे सांगितलं तर ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "तुम्ही तर सगळ्यांनी मध चाटलाय." खरंय. आता हे भांडण माझ्या घरात झालं तर मी नाही म्हणू शकते. तिच्या घरात, तिच्या जावांसमोर, टाके पडलेल्या अवस्थेत मला नाही म्हणता येईल का, शंका आहे.

पैशाचं कोणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलते. हॉस्पिटलचं बिल मुलीच्या वडिलांनी भरायचं. सिझर झालं तर जास्त, बाळ काचेत राहिलं तर किती ते विचारू नका. वर बारसं त्यांनी करायचं, पाळणा त्यांचा, बाळाचं सोनं-चांदी त्यांचं, जावयाला पोशाख, विहीणबाईंना साडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू डबे भरभरून. माझे बाबा रिटायर झालेत. आणि इकडे आम्ही दोघं कमावतो, नवऱ्याच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये मॅटर्निटी कव्हर आहे. तरी बिल बाबांनी का भरायचं? "लोक काय म्हणतील" हे उत्तर असेल तर लग्नात हुंडा घेतला नाही म्हणून मिरवणाऱ्या घरांनी हा खर्च एकदा कागदावर मांडून बघावा. हा हुंड्याचा हप्ताच आहे, फक्त त्याला हौस असं नाव दिलंय.

नवऱ्यांबद्दल पण बोलू. केंद्र सरकारी नोकरीत बाप होणाऱ्याला १५ दिवस रजा आहे, प्रायव्हेटमध्ये कायद्याने काहीच नाही, कंपनीच्या मर्जीवर. बायको चार-पाच तासांच्या अंतरावर असली की हा शनिवारी रात्री पोचणार, रविवारी जावई म्हणून पाटावर बसून शिरा खाणार, बाळाला दोन मिनिटं घेणार, ते रडलं की आजी काढून घेणार, सोमवारी ऑफिस. तीन महिने असं चाललं की बाळ-बाळंतीण घरी येतात आणि मग सगळे हसतात की त्याला बाळ धरताच येत नाही. कसं येणार? पहिल्या रात्री जागवल्या कोणी, शी-शू काढली कोणी, दूध पाजल्यावर ढेकर काढायला खांद्यावर घेऊन कोण फिरलं? आजी. माझा नवरा हॉस्पिटलच्या क्लासमध्ये बाहुलीला दुपट्यात गुंडाळायला शिकून आलाय आणि घरी उशीवर प्रॅक्टिस करतो, त्याला मी रविवारचा पाहुणा करणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण कमेंटमध्ये येणारच आहे. सगळ्यांचं सासर माझ्यासारखं नाही. माझी एक मैत्रीण सासरी असती तर सातव्या दिवशी स्वयंपाकघरात उभी असती, आणि चारचौघांत पदराखाली पाजताना अंग चोरून बसली असती. मुलगी झाली म्हणून तोंडं पाडणारी माणसं आजूबाजूला असण्यापेक्षा आईची खाट कधीही बरी. तिने माहेरीच जावं, पहिल्याला काय, दुसऱ्याला पण जावं. बाळंतपणानंतर मन खचतं ते कित्येक घरांत "नाटकं" म्हणून निघतं, उगाच रडू येणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं, आणि ते पंधरवड्याच्या पुढे गेलं तर डॉक्टरांशी बोलायला पाहिजे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे. पण ते बोलायला आधी जवळ कोणीतरी ऐकणारं लागतं. ते जिथे असेल तिथे बाईने बाळंत व्हावं. आणि जाणाऱ्या बायांनो, ते माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळे रिपोर्ट हँडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेच्या तळाशी नको. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, २१ दिवसांच्या आत, तेव्हा नावाचं स्पेलिंग तिथून निघायच्या आधी तपासा.

मला काय पाहिजे हे मी स्वतःला विचारलं तर उत्तर सोपं निघालं. मला माहेर नकोय, आई पाहिजे. आणि इथेच सगळं अडतं, कारण मुलीने चार महिने आईकडे राहिलं तर रीत, पण आईने दोन महिने मुलीकडे राहायचं तर "जावयाच्या घरी किती दिवस राहायचं?" घर जावयाचं एकट्याचं नाहीये हो, हप्ता माझ्या पण पगारातून जातो. शिवाय बाबांचा प्रश्न. बाबांना चहासुद्धा करता येत नाही. म्हणजे माझं बाळंतपण कुठे होणार हे शेवटी, बासष्ट वर्षांच्या माणसाला कुकर लावता येतो का नाही, याच्यावर ठरणार!

सध्या घरात तह असा झालाय की डिलिव्हरी पुण्यात, बिल आमचं, आई छत्तिसाव्या आठवड्यात येणार, बाबा पण येणार आणि हॉलमध्ये झोपणार, सव्वा महिना झाला की मी आणि बाळ थोडे दिवस बार्शीला जाऊन येणार, म्हणजे तिकडच्यांची बघायची हौस पण होईल, फक्त सहाव्या आठवड्याच्या लसीची तारीख सांभाळून. सासूबाईंनी "तुझ्या आईला संकोच नको वाटायला, मी मधे मधे नाही येणार" असं स्वतःहून सांगितलं, ते ऐकून मला रडू आलं, अर्थात हल्ली मला जाहिराती बघून पण रडू येतं. आत्याचा राग आहेच. तो बारशाला पुरणपोळी वाढल्यावर जाईल.

तर ज्यांनी असं केलंय त्यांनी लिहा ना प्लीज, आई-बाबा दोघं तुमच्याकडे राहिले तेव्हा नेमकं कुठे कुठे खटके उडाले, झोपायची सोय कशी केली, पाहुण्यांना पहिले पंधरा दिवस नाही कसं म्हणालात. आणि वाकड-हिंजवडी साईडला चांगली मालिशवाली बाई माहीत असेल, शेगडीचा हट्ट न धरणारी, तर नंबर कमेंटमध्ये टाकू नका, इनबॉक्स करा.