क्लॅन आपोआप विझली नाही

'कू क्लक्स क्लॅन म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मूठभर अडाण्यांची टोळी. शिक्षण वाढलं, काळ बदलला आणि ती आपोआप संपली.' गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी काळ्यांवर हिंसा करणाऱ्या या संघटनेबद्दलचं हे वाक्य इतक्या जणांनी पुढे ढकललंय की आता तेच इतिहास म्हणून खपू लागलंय. मला ते धोकादायक वाटतं.

'मूठभर'? १९२० च्या दशकात, नव्याने उभ्या राहिलेल्या क्लॅनचे सभासद लाखोंनी होते. ऑगस्ट १९२५ मध्ये ३०,००० हून जास्त लोक पांढरे झगे घालून वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून चालले, भर दिवसा, चेहरे उघडे ठेवून. कुणाला लपावंसं वाटलं नाही!

'अडाणी'? १८६० च्या दशकात पहिल्या क्लॅनची सुरुवात केली ती टेनेसी राज्यातल्या पुलास्की गावच्या माजी लष्करी अधिकाऱ्यांनी. पुढे त्यात वकील, पाद्री, दुकानदार आले. प्रवेश फी १० डॉलर, त्यातले ४ डॉलर नवा सभासद आणणाऱ्याचे. धंदा होता तो, चांगला चालणारा.

'दक्षिणेतली'? उत्तरेकडच्या इंडियानात १९२४ साली क्लॅनच्या पाठिंब्यावर गव्हर्नर निवडून आला.

'संपली' म्हणावं, तर २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल शहरात भरलेला गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा आठवा; त्यात क्लॅनवालेही होते.

पण सगळ्यात खोटा शब्द 'आपोआप'. पहिली क्लॅन मोडली ती १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी साउथ कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत (जिल्ह्यांत) लष्कर लावून धरपकड केली म्हणून. इंडियानातली कोसळली ती मॅज ओबरहोल्ट्झरच्या जबानीने. तिथल्या क्लॅनचा म्होरक्या स्टीफन्सन याने तिला पळवून नेऊन अत्याचार केले. मरणाच्या दारातून तिने सगळं सांगितलं आणि तो खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. १९४४ मध्ये उरलेल्या संघटनेवर ६,८५,००० डॉलरची करथकबाकी निघाली आणि गाशा गुंडाळावा लागला.

आणि ब्यूला मे डोनाल्ड, एक कृष्णवर्णीय आई. १९८१ मध्ये अलाबामातल्या मोबील शहरात त्यांच्या १९ वर्षांच्या धाकट्या मुलाला, मायकेलला, क्लॅनच्या दोघांनी मारून झाडाला टांगलं. पोलिस आधी अमली पदार्थांचं भांडण म्हणत राहिले. ही बाई मागे हटली नाही. मारेकऱ्यांना शिक्षा झाल्यावर त्यांनी थेट संघटनेवरच दावा लावला. १९८७ मध्ये सगळे गोरेच असलेल्या ज्युरीने ७० लाख डॉलरची भरपाई ठरवली. एवढा पैसा क्लॅनकडे कुठला? टस्कलूसातल्या मुख्यालयाच्या इमारतीची कागदपत्रं त्यांना ब्यूला मे यांच्या हवाली करावी लागली. ती इमारत विकून त्यांनी स्वतःसाठी घर घेतलं.