पारसिकचा ‘समुद्री स्पंज’ म्हणजे भोकं पडलेला बसाल्ट

सध्या ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. तळहातावर काळा, भोकाभोकांचा दगड आणि खाली मजकूर: ‘पारसिक डोंगरात सापडला 50 कोटी वर्षांपूर्वीचा स्पंज वॉक्सिया! नवी मुंबई तेव्हा समुद्रतळ होती. आतलं पांढरं ते समुद्राचं मीठ. किंमत लाखांत.’

वॉक्सिया नावाचा स्पंज, म्हणजे समुद्रतळाला चिकटून राहणारा साधा प्राणी, होऊन गेला, एवढं खरं. बाकीचं बघू.

आधी वय. पारसिकचा कातळ म्हणजे बसाल्ट, दख्खनचा थिजलेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. वॉक्सिया कॅम्ब्रियन काळातला, म्हणजे साधारण 50 कोटी वर्षांपूर्वीचा. मधली चाळीसेक कोटी वर्षं कुठे मुरवायची? आणि समजा तो कुठून तरी आलाच, तरी हजार अंशांच्या रसात त्याचं काय उरलं असतं?

भोकं म्हणाल तर लाव्हा थिजताना आतले वायू अडकतात आणि घावनाला पडते तशी जाळी दगडाला पडते. खरा वॉक्सिया असा दिसतच नाही. कॅनडातल्या बर्जेस शेलमध्ये तो मिळतो तो चिखलात गाडला जाऊन पार चपटा झालेला. शेलच्या, म्हणजे चिखलाच्या थरांपासून बनलेल्या खडकाच्या, पातळ थरावर फांद्या फुटलेला काळपट ठसा, बस्स. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ चार्ल्स वॉलकॉट यांनी 1920 मध्ये त्याचं वर्णन केलं. खरी नवलाई तर त्यानंतरची: 2013 मध्ये त्याच्या सांगाड्यात कायटिनचे अंश सापडल्याचं प्रसिद्ध झालं. झुरळाच्या, कोळंबीच्या कवचात असतं तेच हे द्रव्य, आणि ते 50 कोटी वर्षं टिकलं! फॉरवर्ड करायचंच तर हे करा की.

मीठ? तुकडा रात्रभर वाटीभर पाण्यात ठेवा. मीठ असेल तर विरघळेल. हे बहुधा झिओलाइट, क्वार्ट्झ नाहीतर कॅल्साइट यांपैकी एखादं खनिज. कातळात मुरलेल्या पाण्यातून भोकांत साचलेलं. लिंबू पिळल्यावर फसफसलं तर कॅल्साइट.

समुद्रतळाचं म्हणणं तर मुंबईतच अडतं. वरळीला लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात जीवाश्म आहेत, पण बेडकांचे. इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्येच त्यांचं वर्णन केलंय. बेडूक म्हणजे लाव्ह्याच्या काळात इथे गोड्या पाण्याचं तळं. खोल समुद्र नव्हे.

राहता राहिली किंमत. बर्जेस शेलची ती प्रसिद्ध जागा योहो राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथून जीवाश्म उचलणंच बेकायदा. पारसिकचा दगड ज्याला विकायचाय, त्याने खडीवाल्याकडे ब्रासचा भाव विचारावा.