स्कॅन होत नाही? मग फुकट!

दुकानाच्या काउंटरवर बारकोड वाचला गेला नाही की समोरचं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, ‘म्हणजे फुकट वाटतं!’ आणि स्वतःच हसतं. आपणही हसायचं. दिवसातली आठवी वेळ असली तरी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. बारकोड स्कॅन करून विकलेली पहिली वस्तू म्हणजे च्युइंग गमचं पाकीट. तारीख २६ जून १९७४, गाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ट्रॉय. दुसरी वस्तू अडकली असणार आणि हा विनोद तिथेच जन्मला असणार, अशी माझी खात्री आहे.

हसता हसता हात चालू ठेवायचे. चुरगळलेलं लेबल दोन अंगठ्यांनी ताणायचं, स्कॅनरची काच पुसायची, तरी मशीन मुकंच राहिलं तर रेघांखालचे आकडे टाइप करायचे. बहुतेक मालावर ते १३ असतात आणि शेवटचा आकडा शोभेचा नसतो. आधीचे बारा आकडे आलटून पालटून १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीत जायला जेवढे कमी पडतात तो तेरावा. घाईत एखादा आकडा चुकीचा दाबला गेला की मशीनला कळतं. माणसांच्या शेवटीही असा एक आकडा हवा होता. ‘शर्ट एकदाही अंगाला लावला नाही हो!’ म्हटलं की बीप.

कारण परत करायला आणलेला तो शर्ट काउंटरवर असतो आणि कॉलरच्या आत मळाची करडी रेघ असते. टॅग गायब. काखेपाशी अत्तराचा वास. इथे नवखा माणूस फसतो. तो म्हणतो, ‘तुम्ही घातलाय हा.’ झालं! आता भांडण शर्टाचं राहिलंच नाही, अब्रूचं झालं. शाळेत व्याकरणाच्या तासाला झोपलेल्यांनासुद्धा काउंटर एक गोष्ट शिकवतो : वाक्यातला कर्ता गाळा. ‘तुम्ही पावती हरवलीत’ असं नाही, ‘पावती दिसत नाहीये.’ ‘तुम्ही टॅग कापलात’ असं नाही, ‘टॅग निघालेला आहे.’ ‘इथे एक रेघ आलीय बघा,’ म्हणायचं आणि कॉलर त्यांच्याकडे वळवायची. रेघ आपली आपण आली. आभाळातून आली. मराठी भाषा या बाबतीत फार उदार आहे, तिच्यात गुन्हे आपोआप घडतात.

‘शांत व्हा’ हे दोन शब्द मात्र जिभेवर येऊ द्यायचे नाहीत. ते ऐकून आजवर कोणी शांत झाल्याचं पाहण्यात नाही. आवाज चढला की आपला उतरवायचा, अगदी समोरच्याला कान द्यावा लागेल इतका. ओरडता ओरडता ऐकता येत नाही, त्यामुळे त्याला एका श्वासापुरतं तरी थांबावं लागतं. त्या श्वासात आपण बोलायचं, तेही पावतीकडे बघत. डोळ्यात डोळे घातले की कुस्ती सुरू होते. समोरासमोर उभं राहण्याऐवजी जरा तिरकं राहायचं, म्हणजे दोघं मिळून त्या कागदाकडे बघतोय असं वाटतं. हात काउंटरवर, दिसतील असे. कमरेवर अजिबात नाहीत.

सुट्ट्या पैशांचं भांडण सगळ्यात जुनं, आणि टाळायला सगळ्यात सोपं. गिऱ्हाइकाची नोट हातात आली की ती कोणती हे तोंडानं म्हणायचं आणि नोट गल्ल्यात न टाकता वरच्या कडेवर आडवी ठेवायची. मोड त्याच्या हातावर मोजायची. त्यानं मुठीत घेतली की मगच नोट आत. हा क्रम चुकला की ‘मी मोठी नोट दिली होती’ सुरू. तसं झालंच तर लगेच गल्ल्यातून काढून द्यायचं नाही. गल्ला मोजायचा. सकाळची सुरुवातीची रोकड अधिक आतापर्यंतची रोख विक्री, यातून दिलेले परतावे वजा. त्याहून जेवढे जास्त निघतील, तेवढंच त्याचं म्हणणं खरं. मोजायला वेळ लागतो, मागची रांग उसासे टाकते, ती टाकू द्यावी. गंमत म्हणजे गल्ल्याचं यंत्र मुळात आमच्यावरच्या संशयातून आलं. ओहायोतल्याच डेटन गावच्या जेम्स रिटी नावाच्या गुत्तेवाल्याला नोकर पैसे मारतात अशी शंका होती, म्हणून त्यानं १८७९ साली ते बनवलं. आज तेच यंत्र आमचा एकमेव साक्षीदार.

रांगेतून ‘एकच वस्तू आणते’ म्हणून पळणाऱ्यांवर चिडण्यात अर्थ नाही. बिल होल्डवर टाकायचं, पुढच्याचं करायचं, त्या परतल्या की बिल पुन्हा उघडायचं. फोनवाल्यांवर मात्र उपाय सापडलेला नाही. कार्ड आपल्याकडे भिरकावलेलं असतं, ‘पिशवी हवी?’ विचारलं की एक बोट वर होतं. बोटाचा अर्थ ‘थांब’ की ‘एक पिशवी’ हे शेवटपर्यंत कळत नाही.

आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली या सगळ्याला ‘भावनिक श्रम’ असं नाव दिलं. त्यांनी अभ्यास केला विमानातल्या परिचारिकांचा आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचा. एकाला पगार गोड बोलायचा, दुसऱ्याला दरडावायचा. काउंटरवाल्याला दोन्ही कामं एकाच पगारात : मुदत संपलीय हे ठणकावायचं, तेही गोड.

आणि खरं दुखणं गिऱ्हाईक नाहीच. खरं दुखणं आहे मॅनेजर. पावती नाही, टॅग नाही, कॉलरवर रेघ आहे, आपण तीनदा तीन प्रकारे ‘होत नाही’ म्हटलेलं असतं. तेवढ्यात साहेब येतात, शर्टाकडे न बघता म्हणतात, ‘अरे, करून दे ना.’ त्या क्षणी आपण नियम सांगणारे राहत नाही, खोटारडे होतो. आणि गिऱ्हाइकाला धडा मिळतो, की पुढच्या खेपेला सुरुवातच ओरडून करायची.

यावर तोडगा एकच. साहेब काउंटरपर्यंत पोचण्याआधी आपण चार पावलं पुढे जाऊन त्यांना गाठायचं आणि एका वाक्यात सांगायचं : ‘पावती नाही, वापरलेला आहे, मी नाही म्हटलंय, तुम्ही परत घेणार असाल तर यावेळेपुरतं म्हणून घ्या.’ एवढ्यानं ‘करून दे’ थांबत नाही, पण त्याच्यापुढे ‘यावेळेपुरतं’ लागतं. तो एक शब्द म्हणजे आपली शिल्लक राहिलेली अब्रू.

मग परतावा करायचा. कार्डानं घेतलं असेल तर पैसे कार्डावरच जाणार, खात्यात दिसायला काही दिवस लागणार. हे सांगितलं की पुन्हा आवाज चढतो. आपला उतरवायचा. सही घ्यायची. ‘बघा, होत होतं की!’ हे ऐकून घ्यायचं, शर्ट घडी करून बाजूला ठेवायचा, आणि मान वर करून म्हणायचं, ‘पुढचे, या.’

पुढचे आलेले असतात. फोन कानाला, बोट वर.