‘मार्चचं शंभर’ : कृषीनगरच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया 3 तारखेला आली आणि मी उत्तर लिहितोय आज, 23ला. पहिल्यांदा वाचली तेव्हा डोकं तापलं होतं. अर्ध्या तासात एक सणसणीत उत्तर टाइपही करून झालं होतं. टाकलं नाही ते बरं झालं, त्यातली निम्मी वाक्यं आज माझी मलाच खोडावी लागली असती.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी 1 मार्चला ‘मार्चचं शंभर’ असा लेख टाकला. फेब्रुवारीत 90 किलोमीटर कसे पूर्ण केले, शेवटी नडगी कशी धरली आणि आता मार्चमध्ये 100 कसे धावणार, असा सगळा उत्साह. सोबत आमच्या चिवड्याचा, म्हणजे आमच्या कुत्र्याचा, फोटो आणि खाली ओळ : ‘नऊ महिन्यांचा गडी, माझ्याबरोबर 5 किलोमीटर!’ त्यावर काकांचं म्हणणं असं, की महिन्याचा आकडा जाहीर करणं म्हणजे निव्वळ मिरवणं. रोज अर्धा तास घाम गाळावा, हिशेब कशाला? दर आठवड्याला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये हा साधा नियम ज्याला पाळता येत नाही, त्याने दुसऱ्यांना शिकवू नये. धावपटू कविता राऊत पाणी आणायला अनवाणी धावायची, तिच्या हातात कुठे घड्याळ होतं? आणि शेवटी : ‘त्या मुक्या जनावराला पळवताना त्याला विचारलंत का?’ खाली सही, ‘कृषीनगर ट्रॅकवरचा 22 वर्षं जुना काका’. म्हणून मीही काकाच म्हणतोय.

नडगीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मला बोलायला तोंड नाही. लेखात मी जे ओझरतं लिहिलं होतं ते आता नीट मांडतो. जानेवारीत माझे 76 किलोमीटर झाले होते. फेब्रुवारीसाठी 90 धरले ते कुठल्या हिशेबाने, तर 90 कानाला छान वाटतं या हिशेबाने. 24 तारखेच्या रात्री ॲपवर 64 दिसत होते. राहिले 26 आणि हातात चार दिवस. मग 7, 6, 8 आणि 5 असे चार दिवस ओळीने काढले. एरवी माझ्या आख्ख्या आठवड्याचे 18-19 होतात, ते इथे चार दिवसांत उरकून वर आणखी सात, आणि मध्ये विश्रांतीचा एक दिवस नाही. 26 तारखेला उजव्या नडगीच्या आतल्या कडेने दुखायला लागलं होतं. 27ला त्याच पायावर आठ काढले. 28ला पाच म्हणजे धावणं नव्हतंच, लंगडी होती. रात्री 90चा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला, आणि सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

आणि अशा अवस्थेत 1 तारखेला बसून मी ‘मार्चचं शंभर’ लिहिलं. त्याला तुम्ही मिरवणं म्हणालात. मी असतो तर आणखी कडक शब्द वापरला असता.

डॉक्टरांनी जे करून दाखवलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. नडगीच्या आतल्या कडेवर अंगठ्याने वरून खाली दाबत जायचं. दुखणं चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात पसरलेलं असेल तर बहुतेक वेळा हाडालगतच्या आवरणावर ताण आलेला असतो. दुखणं एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत टोचत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घ्यायची आणि धावणं तिथल्या तिथे थांबवायचं. माझं पट्ट्यातलं निघालं. तरी 11 दिवस बूट घातले नाहीत. छाती आणि पोटऱ्या दोन महिन्यांत तयार होतात. हाड मात्र सावकाश मजबूत होतं. दमही लागत नाही, पायही उचलले जातात, त्यामुळे माणसाला वाटतं आपण तयार आहोत. तिथेच फसतो.

आता 10 टक्क्यांचं. हा नियम मीही वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि सांगतही आलोय. पण तो दगडावरची रेघ नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला 532 नवख्या धावपटूंवर एक प्रयोग झाला होता, 2008 साली तो छापून आला. एका गटाला 13 आठवड्यांत हळूहळू वाढवलं, दुसऱ्याला 8 आठवड्यांत नेहमीच्या पद्धतीने. दुखापती दोन्हीकडे सारख्याच निघाल्या, साधारण पाचात एकाला. म्हणजे आकडा 10 ठेवला म्हणून नडगीला अभय मिळत नाही, आणि 12 झाला म्हणून आभाळ कोसळत नाही. अर्थात, या प्रयोगाच्या आडून मला माझे चार दिवस लपवता येणार नाहीत. मी 10 टक्के वाढवले नव्हते, 15 नव्हते. मी महिनाअखेरीला धावलो होतो ते कारकून वर्षअखेरीची फाइल उरकतो तसं.

मात्र ‘हिशेब कशाला’ हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण अगदी घरगुती आहे. मी नाशिकच्या अंबडला कंपनीत आहे आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट असली की पहाटे साडेपाचला बस स्टॉपवर. संध्याकाळी घरी आल्यावर अंगात जेवढी धुगधुगी असेल तेवढंच धावणं. सेकंडला सकाळ मोकळी, तेव्हा भरपूर होतं. नाइटच्या आठवड्यात सकाळी येऊन झोपतो, दुपारी तीनला उठतो, डोकं भणभणलेलं असतं. त्या आठवड्यात दोन वेळा बाहेर पडलो तरी खूप. ‘रोज अर्धा तास’ हे तुमच्या पेन्शनीत बसतं, माझ्या रोस्टरमध्ये बसत नाही. (पेन्शन म्हणालो ते अंदाजाने, राग मानू नका.) मी रोजचा नेम तीनदा करून पाहिला. नाइटचा आठवडा आला की दुसऱ्याच दिवशी तो मोडायचा, आणि एकदा मोडला की मग महिनाभर बूट चपलांच्या रॅकमध्ये धूळ खात. महिन्याचा आकडा मात्र नाइटचा आठवडा पोटात घालतो. तिन्ही शिफ्ट त्यात येऊन जातात. दोन दिवस बुडाले तर बुडाले.

फक्त तो आकडा मागच्या महिन्यात खरोखर किती झाले त्यावरून काढायला हवा, आणि 20 तारखेनंतर तो मागे पडलेला दिसला तर त्याला मागेच राहू द्यायला हवं. फेब्रुवारीत 64वर गाडी होती, तर 80वर सोडून द्यायची. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

कविता राऊत यांचं उदाहरण तुम्ही दिलंत. सावरपाड्याची मुलगी म्हणून आपल्या सगळ्यांनाच तो अभिमान. पण अनवाणी धावण्याची गोष्ट सगळे सांगतात आणि त्यानंतर नाशिकच्या मैदानावर प्रशिक्षकांच्या नजरेखाली गेलेली वर्षं कोणी सांगत नाही. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 10,000 मीटरमध्ये ब्राँझ आणलं. म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर 25 फेऱ्या, 33 मिनिटं आणि 5 सेकंदांत. त्या 25 फेऱ्यांत कोणी ना कोणी प्रत्येक फेरीचे सेकंद मोजत असतं. तिथवर पोचायला हिशेब लागतोच, काका. माझ्यासारख्याला तिथे पोचायचं नाही, हे वेगळं.

आता चिवडा.

फोटोखालची ओळ मी काढून टाकली आहे. तुम्ही लिहिल्यावर लगेच नाही, आठवड्याने काढली, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. फोटोचा दिवस जसा झाला तसा सांगतो. ऑगस्टच्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू, आई गल्लीतली, बाप बहुतेक कोणाच्या तरी बंगल्यातला लॅब्राडोर. अंगावर पिवळं, तपकिरी, काळं असं सगळं मिसळलेलं, म्हणून चिवडा. नऊ महिन्यांतच 24 किलोचा झालाय. त्या रविवारी आम्ही आनंदवलीहून नदीच्या कडेने सोमेश्वरच्या दिशेने निघालो. घड्याळात 5 आले हे खरं, पण त्यात हुंगणं, टांग वर करणं, बगळ्यांमागे धावणं हे सगळं आलं. सलग धावणं दोनेक किलोमीटर, त्यातलं निम्मं डांबरी रस्त्यावर. परतताना एका भजीच्या गाडीमागे सांडपाण्याने भिजलेली माती होती. तिथे हा गेला, मागचे दोन्ही पाय बेडकासारखे पसरून पोट मातीला टेकवलं, आणि हलेना. जीभ खाली रुंद होऊन लोंबत होती, टोकाला चमच्यासारखी. मी दोनदा दोरी ओढली. त्याने मान फिरवून दुसरीकडे पाहिलं. भजीवाला म्हणाला, ‘साहेब, त्याची ड्युटी संपली.’

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : विचारलं नव्हतं, पण त्याने सांगितलं. ‘मुकं जनावर’ हे मला मान्य नाही. चिवडा सगळं सांगतो. दोरी माझ्या पुढे ताणलेली असते तोवर तो मजेत असतो; दोरी सैल होऊन तो माझ्या टाचेशी आला की कंटाळलाय; दोरी मागे ताणली की संपलं. ऐकायचं नव्हतं ते मला. घड्याळात 4.3 दिसत होते आणि मला 5 हवे होते.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, तिथून हाड वाढतं. लहान चणीच्या कुत्र्यांत त्या वर्षाच्या आत भरून येतात, मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत दीड वर्षापर्यंत उघड्या राहू शकतात. तोवर कडक रस्त्यावर, एकाच लयीत, माणसाच्या वेगाने सलग धावायला लावायचं नाही. लॅब्राडोरच्या रक्तात खुब्याच्या सांध्याची तक्रार मुळातच असते, त्यात ही भर नको. मोकळ्या मैदानात तो आपल्या मर्जीने उंडारला, मनाला आलं तेव्हा थांबला, तर ते चालतं. मी विचारलं, मग किती अंतर? ते म्हणाले, ‘अंतर नाही. तो थांबला की तुम्ही थांबायचं, एवढंच.’

तेव्हापासून चिवड्याबरोबर असतो तेव्हा मी घड्याळ चालूच करत नाही. त्याचे किलोमीटर माझ्या आकड्यात धरत नाही, कारण धरले की मी पुन्हा दोरी ओढणार, हे मला ठाऊक आहे. मी आधी एकटा धावून येतो, मग त्याला घेऊन मातीवर वीस-पंचवीस मिनिटं, त्यात बराचसा वेळ एखाद्या झुडपाची चौकशी. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मला उठायला आठ वाजतात, तेव्हा त्याला सकाळचं नेतच नाही. मार्चच्या उन्हात नऊला डांबर किती तापतं ते तळहाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवून बघा. सात सेकंद ठेवता आली नाही तर त्याच्या पंजांनाही ते भाजणारच. आपल्याला निदान अंगभर घाम तरी येतो. त्याला जो काही येतो तो तळव्यांना, बाकी सगळी भिस्त धापेवर. खाणं आणि फिरणं यांच्या मध्ये तास-दीड तास जाऊ देतो. गवतातून आल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधणं हा धाकटीचा प्रांत, तिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. एकटा धावताना गल्लीतली कुत्री अंगावर आली की मी वाकून दगड उचलल्याचं नाटक करायचो, ती पळायची. चिवडा बरोबर असताना पहिल्यांदा तसा वाकलो, तर समोरच्या कुत्र्यांआधी हाच दोरीला हिसडा देऊन नाल्याकडे पळायला लागला. दोन महिन्यांचा असताना त्याने रस्त्यावर काय काय पाहिलं असेल कोण जाणे. आता मी वाकत नाही. दुसऱ्यांची हद्द आली की धावणं थांबवतो, त्याला भिंतीच्या बाजूला घेतो आणि कोणाच्या डोळ्यांत न बघता चालत पुढे जातो. नवश्या गणपतीच्या वळणाशी एक लंगडा म्होरक्या आहे, तो सोडला तर बाकीच्यांशी आता ओळख झाली आहे.

मार्चचं शंभर रद्द. 12 तारखेपासून पाच वेळा बाहेर पडलो, आजपर्यंत 19 झालेत. महिन्याचे 30 धरलेत आणि 26वर अडकलो तर 26. मूळ लेख तसाच ठेवलाय, वर ठळक अक्षरांत दुरुस्ती टाकली आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेखही केला आहे.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘कुत्रं घेऊन आमच्या ट्रॅकवर येऊ नका.’ नाही आणणार, तिथे वयस्कर मंडळी असतात आणि याला अजून अक्कल नाही. पण तुम्हीच एखाद्या रविवारी सकाळी साडेसहाला आनंदवलीच्या बाजूने गोदापार्कात या. चिवडा नव्या माणसाच्या छातीवर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय राहत नाही, तेव्हा पांढरा सदरा तेवढा घालू नका.