अर्पणपत्रिकेची टक्केवारी

पुस्तक आपणच लिहिले आहे हे सिद्ध करण्याची पाळी लेखकावर येईल, असे मला वाटले नव्हते. ती परवा, माझ्याच पुस्तकाच्या प्रकाशनानंतर, स्वाक्षऱ्यांच्या टेबलापाशी आली. रांग (हा शब्द मी केवळ प्रकाशकाच्या समाधानासाठी वापरतो आहे) संपत आली असताना एका गृहस्थांनी पुस्तक विकत न घेताच उघडले, एका पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि रक्ताचा अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरच्या गांभीर्याने ते म्हणाले, "त्रेसष्ट टक्के."

"कशाचे?"

"यंत्राचे, म्हणजे एआयचे. उरलेले सदतीस टक्के तुमचे असू शकेल."

ते पान मी कितीतरी वेळा फाडून पुन्हा लिहिले आहे, असे मी सांगितले. "तेच म्हणतो आहे मी," गृहस्थ म्हणाले, "इतकी नीटनेटकी वाक्ये माणसाला साधत नाहीत." आजवर समीक्षकांनी माझ्या गद्याला विस्कळीत म्हटले असल्यामुळे या आरोपाने मला क्षणभर बरेच वाटले, पण तोवर त्यांनी अर्पणपत्रिकेचे पान काढले होते. "आईस, जिने मला वाचायला शिकवले" या ओळीत यंत्राचे प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्के निघाले. "भावना फार ठरावीक आहे," त्यांनी मला समजावले. शेवटचा उपाय म्हणून मी पुस्तकातला एक ठसठशीत मुद्रणदोष दाखवला. तो त्यांनी कौतुकाने पाहिला आणि "हल्ली असे मुद्दाम पेरतात," असा निर्वाळा दिला. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी हे सारे ऐकून, इतका वेळ छातीशी धरलेली प्रत माझ्यासमोर ठेवली आणि स्वाक्षरीऐवजी पैसे परत मिळतील का, अशी चौकशी केली.

या टक्केवारीची पत काय, हे मी त्याच रात्री सूडबुद्धीने शोधले. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआयने २०२३च्या जानेवारीत, मजकूर यंत्राचा की माणसाचा हे सांगणारे स्वतःचेच असे एक ओळखयंत्र आणले होते. कंपनीच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला, माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर त्याने यंत्राच्या नावावर टाकला, आणि जुलैमध्ये कंपनीने ते गुपचूप मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना असे दिसले की, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे निम्म्याहून अधिक निबंध अशी ओळखयंत्रे यंत्राचे ठरवत होती. म्हणजे जपून, साध्या शब्दांत लिहिणे हाच पुरावा! हे सारे त्या गृहस्थांना ऐकवण्याची फार इच्छा आहे, पण त्यांनी पत्ता दिलेला नाही. पुस्तक तर घेतलेच नाही.

संशय निराधार आहे, असे मात्र मला म्हणवत नाही. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स' या अमेरिकी वृत्तपत्रात उन्हाळ्यात वाचण्याजोग्या १५ पुस्तकांची, एआयच्या मदतीने केलेली यादी छापून आली, आणि त्यांतली १० पुस्तके अस्तित्वातच नव्हती. लेखकांची नावे तेवढी खरी होती. ॲमेझॉनला २०२३ मध्ये एका लेखकाने दिवसाला तीनच नवी पुस्तके प्रकाशित करावीत, अशी मर्यादा घालावी लागली. दिवसाला तीन, आणि तीही मर्यादा! माझी एक प्रस्तावना एवढ्यात होत नाही.

अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखकसंघटनेने जानेवारी २०२५ पासून 'मानवाने लिहिलेले' असा शिक्का देण्याची व्यवस्था केली आहे. त्यासाठी लेखकाने पुस्तक आपण लिहिल्याची ग्वाही द्यायची असते. ग्वाही मी त्या टेबलापाशीही दिली होती, चारचौघांत आणि फुकट. माझ्या प्रकाशकाने आता पुढच्या पुस्तकाचे सगळे कच्चे खर्डे, खाडाखोडीसकट, तारखा घालून जपून ठेवायला सांगितले आहे. दिवसाला तीन पुस्तके काढणाऱ्यांकडे खर्डे कोण मागतो, असे मी विचारले, तेव्हा त्यांच्याकडे खर्डे नसतातच, असे उत्तर मिळाले.