सतरा इंची रिम आणि चोर्ल्याचे खड्डे

आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर, मग गल्लीच्या मंडळाच्या ग्रुपवर आणि शेवटी कारखान्याच्या ग्रुपवर एकच मेसेज आला: ‘स्टील रिम काढा, दोन इंच मोठी अलॉय टाका. वजन कमी, मायलेज जास्त. रुंद टायर पावसात घसरत नाही, ब्रेक तापत नाहीत. तडा गेलाच तर वेल्डिंग होतं.’ भाच्याने तर खाली पसंतीचा अंगठाही टाकला. मी बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामात आहे, म्हणून गप्प बसवेना.

वजनाचं घ्या. त्याच मापाची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम, स्टीलपेक्षा बहुधा हलकी असते, हे मान्य. पण मेसेज मोठी टाका म्हणतोय. पंधरा इंची स्टील काढून सतरा इंची स्वस्तातली ओतीव अलॉय घातली की वजन बऱ्याचदा वाढतंच. वर ते मधल्यापासून लांब, कडेला जातं, म्हणजे चाक फिरवायला जोर जास्त. टिळकवाडीत थांबत-निघत गाडी चालवणाऱ्याचं मायलेज वाढणार कुठून?

खरी मेख टायरच्या उंचीत आहे. स्विफ्टचा टायर 185/65 आर15, म्हणजे रुंदी 185 मिमी, बाजूची भिंत त्याच्या 65 टक्के, रिम 15 इंची; भिंत झाली 120 मिमी. त्याजागी 205/45 आर17 घातला तर ती 92 वर येते. बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच दिसतं, पण खड्डा झेलणारी गादी 28 मिमीने गेली. पावसाळ्यानंतर जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाकडे जाऊन बघा. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची धार थेट रिमला लागते, टायर मध्ये चेंगरतो आणि चार दिवसांनी बाजूला फुगा येतो. स्टील रिम असेल तर वाकते, पंक्चरवाला ठोकून सरळ करून देतो. ॲल्युमिनियमला तेवढं वाकणं सोसेलच असं नाही, तडा जातो.

आता ते वेल्डिंग. याचा मला सगळ्यात राग येतो. चांगली अलॉय नुसती ओतून होत नाही. ती सुमारे 540 अंशांना तापवून पाण्यात विझवतात, मग कमी आचेवर तासन्‌तास मुरवतात. तिची ताकद त्यातून येते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याभोवतीचं ते सगळं उतरतं. वरून घासून रंग मारला की रिम नवी दिसते, आणि सांध्याशेजारचा भाग मऊ राहतो. कडेचा किरकोळ ओरखडा भरून घ्या हवं तर, पण आरीला (मधल्या दांड्याला) किंवा बोल्टांजवळ तडा असलेली रिम भंगारातच द्या.

पावसाचं उलटं आहे. नक्षी तेवढीच झिजलेली असेल तर रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ब्रेकचं मात्र थोडं खरं, ॲल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं. पण घाट उतरताना ब्रेक वाचवतो तो खालचा गिअर.

आणि मेसेजात नसलेलं: ‘चार भोकं आहेत, बसेल’ असं दुकानदार म्हणाला तर थांबा. स्विफ्टचे चार बोल्ट 100 मिमीच्या वर्तुळावर असतात, मधलं भोक 54.1 मिमी. नव्या रिमचं भोक मोठं असेल तर मध्ये रिंग घालून घ्या, नाहीतर बॅलन्सिंग करूनही हायवेवर स्टेअरिंग थरथरतं. ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते ते माप, चुकला की चार माणसं बसल्यावर टायर मडगार्डला घासतो. अलॉयचे नटही बऱ्याचदा वेगळे असतात. बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने पुन्हा आवळून घ्यावेत.

भाचा रोज निपाणीमार्गे कोल्हापूरला जातो, सगळा हायवे. त्याला 195/55 आर16 घे म्हटलं, वळणावर गाडी नीट बसते आणि भिंतही 107 मिमी उरते. खानापूरच्या मामांची पंधरा इंची स्टील तशीच आहे, एका चाकाची कॅप दोन पावसाळ्यांमागे पडली, ती त्यांनी अजून बसवलेली नाही.